न लावलेली कडी

चोरी झाली समुद्रापार, आणि चोर ठरला धरणगावचा. आता बोला! जिथं चोरी झाली त्या बंदराचं नाव गावात एकालाही धड घेता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं 'तिकडं' म्हणत. पण तिकडं काय झालं, कसं झालं, हे मात्र ज्याला त्याला स्वतः बघून आल्यासारखं ठाऊक होतं.

घेवरचंद सेठ आणि त्यांची बायको लाडकुंवर एकोणीसशे छत्तीसच्या दिवाळीनंतर जपानला म्हणून निघाले, आणि दोन महिन्यांच्या आत, जपान न बघताच, धरणगावच्या स्टेशनावर परत उतरले. जाताना तिघं होते, येताना दोघंच. तिसरा, त्यांचा घरगडी कौतिक, तिकडं तुरुंगात. आणि दागिन्यांचा डबा गेला तो गेलाच.

पहिले चार दिवस गावानं सेठ-सेठाणीला धुवून काढलं. कोणी सांगितलं होतं एवढं सोनं घेऊन परमुलखात मिरवायला? घरी तिजोरी नव्हती का? बरं झालं, जिरली! असं अगदी पारोळ्याच्या बाजारापर्यंत बोलणं झालं. पाचव्या दिवसापासून मात्र सगळ्यांनी मिळून खापर कौतिकच्या डोक्यावर फोडलं, ते कायमचं. सेठच्या कापसाच्या जिनवर निम्म्या गावाचं पोट होतं, आणि कौतिकवर फक्त त्याच्या बायकोचं. तेव्हा कोणाला नावं ठेवणं सोयीचं, हे सांगायला नको.

लाडकुंवर हे सगळं माडीच्या खिडकीतून ऐकत होती. चोर कौतिक नाही हे त्या अख्ख्या गावात तिला एकटीला ठाऊक होतं. तिनं चोर पाहिला होता. चांगला उजेडात, हाताच्या अंतरावर.

ते कसं, ते आधी सांगायला हवं.

घेवरचंदची जळगावला कापसाची जिन. माल जपानपर्यंत जायचा. तिकडच्या व्यापाऱ्यांनी एकदा या म्हटलं, आणि सेठच्या अंगात वारं शिरलं. एकट्यानं जाण्यात काय मजा? बायकोही हवी, आणि बायकोच्या अंगावर दागिनेही हवेत. "जपानात कोबेला आपल्या लोकांच्या बायका बघतील," तो म्हणाला. "खानदेशातही माणसं राहतात हे कळू दे त्यांना." लाडकुंवर म्हणाली, "एवढं सगळं कशाला नेता?" एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायची त्या घरात सुनेला सवय नव्हती.

डबा सासूचा, सासूच्या सासूपासून चालत आलेला. निघताना झुंबरबाईंनी तो सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बिनणी, जसा नेतेस तसा आण. पोटी लेकरू देता आलं नाही, एवढं तरी सांभाळ." लग्नाला बारा वर्षं झाली होती. भुसावळकडची एक मुलगी झुंबरबाईंनी 'सहज म्हणून' बघून ठेवली होती, आणि हे लाडकुंवरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या शेजारणीला सांगत. सवतीची ती टांगती तलवार घेऊनच बाई बोटीवर चढली.

घरचा रसोइया महाराज पारोळ्याचा. त्यानं कानांवर हात ठेवले. समुद्र ओलांडला तर जातीत कोण घेईल मला? म्हणून मग कौतिकला नेलं. बत्तीस वर्षांचा गडी, दहा वर्षं त्याच घरात. पाणी तिहेरी फडक्यानं गाळून उकळायचं, दिवस बुडायच्या आत ताट वाढायचं, कांदा-बटाटा-वांगं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हे जैनाघरचं सगळं त्याच्या हातात बसलेलं. स्वतः भरताचा वेडा. ते तो आपल्या घरी जाऊन खाई, आणि चूळ भरून, हात घासून मगच सेठच्या दारात येई.

आणि लाडकुंवरच्या सामायिकाची वेळ त्याला सासूपेक्षाही पक्की ठाऊक होती. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचं व्रत. आसन टाकायचं, तोंडाला पांढरी मुंहपत्ती बांधायची, समोर रेतीची घडी ठेवायची. वरची रेती खाली उतरेपर्यंत उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, अंगाशी किल्ल्यासुद्धा ठेवायच्या नाहीत. बाकीच्या बायका डोळे मिटून माळ ओढत. लाडकुंवर डोळे मिटत नसे. मिटले की मन भलतीकडंच धावतं, म्हणून ती रेतीच्या धारेकडं बघत बसायची. कौतिक दाराशी बसून तिचं सामायिक संपायची वाट बघे आणि नंतर चेष्टा करी, "एखाद दिन ती रेती लाजी जाई, बाई." तीही हसे. त्या घरात तिला हसवणारा तेवढाच एक माणूस होता.

बोटीवर सेठला एक गृहस्थ भेटला. मऊ बोलणारा, रेशमी रुमालवाला, कुठला कोण जाणे. सेठला काय, ऐकणारा मिळाला की झालं. जिन किती मोठी, घराणं किती जुनं, डब्यात काय काय आहे, सगळं त्याच्यापुढं मांडून झालं. आणि एक दिवस आरामखुर्चीत रेलून तो म्हणाला, "आमच्या घरच्यांचं सामायिक म्हणजे! बोट बुडू दे, आभाळ कोसळू दे, घडी संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. तोंडातून शब्द निघायचा नाही." तो गृहस्थ "धन्य आहे" म्हणाला आणि त्यानं लाडकुंवरला हात जोडले. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. नवऱ्याच्या तोंडून बारा वर्षांत ऐकलेली ती पहिली तारीफ होती.

मलायाच्या त्या बंदरात बोट बदलायची होती. पाच-सहा दिवस व्यापाऱ्यांच्या उतारूघरात, माडीवर मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सेठ दलालाकडं गेला. लाडकुंवरनं आसन टाकलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून बाजूला ठेवला. कौतिक खाली चुलीवर पाणी तापवायला निघाला.

"कडी लावू नकोस," ती म्हणाली. "तू परत आलास की उघडायला मला उठता यायचं नाही."

"बाई, दार उघडं टाकीसन जाऊ? परमुलूख शे. भाईरथीन कुलूप लावू का?"

"मला कोंडून घालतोस काय रे? जा, कोण येतंय इथं!"

तो गेला. घडीतली रेती पाव उतरली असेल, तेवढ्यात दार लोटलं गेलं. तो बोटीवरचा गृहस्थ आत आला. त्यानं तिच्याकडं बघितलं, ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं वाकून तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावरचा जुडगा उचलला, पेटी उघडली, डबा काढला, रुमालात गुंडाळला. पेटीला पुन्हा कुलूप घातलं. जुडगा होता तिथं ठेवला, अगदी तसाच. आणि जाताना बोटीवर जोडले होते तसेच हात जोडले.

वर अजून अर्ध्याहून जास्त रेती होती.

ती ओरडली नाही. हे व्रत होतं, की भीती होती, की नुसती बसायची सवय, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं कधीही नाही. रेती पडत राहिली आणि ती बघत राहिली. कौतिक पाणी घेऊन आला, दाराशी बसला, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघून गोंधळला. शेवटचा कण पडला. तिनं मुंहपत्ती सोडली, बोलायला तोंड उघडलं, आणि जिन्यावर सेठची पावलं वाजली. दलालाच्या घरी संध्याकाळचं बोलावणं होतं. दागिने घालायचे होते. सेठनं स्वतः पेटी उघडली.

"डबा कुठाय?" मग, "तू इथंच होतीस ना? कोण आलं होतं? काय बघितलंस?"

तिच्या डोळ्यांसमोर झुंबरबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागं भुसावळची ती न बघितलेली मुलगी. बघत बसलीस? डोळ्यांदेखत जाऊ दिलंस? ते ऐकायची तिची छाती झाली नाही.

"माझे डोळे मिटलेले होते," ती म्हणाली.

कौतिकनं झटकन मान वर केली. त्या खोलीत त्यालाच ते खोटं कळलं. 

कुलूप फोडलेलं नाही, किल्ल्या जागच्या जागी, दाराला कडी नाही. म्हणजे घरचाच माणूस. सेठनं क्षणात निकाल लावला. दुसऱ्या दिवशी पोलीस अंमलदार आला, दुभाषा आला. तोवर लाडकुंवरनं तीन दिवसांचा उपास धरला होता, आणि उपासाबरोबर मौनही. सगळे म्हणाले, काय बाई आहे, एवढ्या दुःखातही धर्म सुटला नाही! अहो, कसला धर्म? तोंडात गुळणी धरायला तिला एक निमित्त हवं होतं, ते तिनं देवाकडून उसनं आणलं. ही दुसरी गुळणी कशाची होती हे तिला चांगलं कळत होतं.

"कडी कोणी लावली नाही?" दुभाष्यानं विचारलं.

"मी," कौतिक म्हणाला.

"का?"

त्यानं बाईकडं बघितलं. एकदाच. ती फरशीकडं बघत होती.

"मना हातनं राही गई," तो म्हणाला.

झालं. कागदावर अंगठा घेतला, दोन शिपायांनी दोन बाजूंनी धरलं. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला, मागं वळून म्हणाला, "पाणी गाळी ठेयेल शे, बाई. उपासले लागी." आणि उतरून गेला. चोराला आतून हात दिला म्हणून दीड वर्षाची शिक्षा झाल्याचं दलालाचं पत्र मागाहून जळगावला आलं.

कौतिकची बायको पुष्पाबाई. पदरी मूलबाळ नाही, माहेर तुटलेलं. चोराच्या बायकोला शेतावर कोण बोलावणार? दोन महिने ती कशी जगली तिची तिलाच माहीत. मग लाडकुंवरनं तिला धान्य निवडायला घरी बोलावलं. झुंबरबाई कडाडल्या, पण सेठनं होकार दिला, कारण गावात वाहवा होत होती. ज्यानं घर लुटलं त्याच्या बायकोला पोसते, देवी आहे देवी! लाडकुंवर रोज दादर ज्वारीची पाटी पुष्पाबाईपुढं ठेवी, आणि रोज वाटे, आज सांगू. खडे निवडणाऱ्या त्या बोटांकडं बघत ती जिना चढून जाई.

अडतीसच्या श्रावणात पुष्पाबाई एक पाकीट घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, आणि मास्तराकडं जायची तिला लाज वाटत होती. "सेठाणीबाई, तुम्हीच वाचा. तिकडथीन उनी शे." 

अक्षर कुणा कारकुनाचं, पण बोलणं कौतिकचं. लाडकुंवर वाचू लागली. सुटलो. रबराच्या मळ्यावर स्वयंपाकाचं काम मिळालं. इथं वांगी मिळतात, पण भाजायला पऱ्हाटीच्या काड्या नाहीत, भरताला ती चव येत नाही. तू तब्येत सांभाळ.

इथवर वाचून तिचा आवाज थांबला. पुढं लिहिलं होतं: 'गावी यायला जीव तुटतो. पण चोर म्हणून येणार नाही. सेठाणीबाईंना विचार. त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं की कौतिकनं चोरी केली नाही, की मिळेल त्या बोटीनं निघतो. नाही सांगितलं तर त्यांची काही अडचण असेल. तू भांडू नको. मग मी इथंच राहीन.'

"मंग? येस का तो?" पुष्पाबाईनं विचारलं.

"ते काही लिहिलेलं नाही."

पुष्पाबाई कागदाजवळ वाकली. "खाले एवढं काय लिखेल शे मंग?"

"तो पत्ता आहे," लाडकुंवर म्हणाली.

पुष्पाबाईनं कागदाची घडी घातली, पदराच्या टोकाला बांधली आणि पाटी ओढून बसली. 

पुष्पाबाई सांगे ते उत्तर लाडकुंवर लिहून धाडी. तिकडून वर्षाकाठी एखादं पत्र येई, बरा आहे, तू बरी असशील, एवढंच. ती अट कौतिकनं पुन्हा कधी लिहिली नाही. एकदा विचारलं होतं त्यानं, आणि उत्तर आलं नव्हतं. उत्तर न येणं म्हणजे काय हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता.

अडतीसच्याच चातुर्मासात जैनांच्या स्थानकात, त्यांच्या उपासनेच्या जागी, एक साध्वी, महासतीजी, मुक्कामाला होत्या. लाडकुंवरनं त्यांना गाठून विचारलं, "सामायिकात चोर दिसला आणि तरी ओरडलं नाही, तर दोष लागतो का?" त्या म्हणाल्या, "व्रत पाळलंस, दोष कसला? त्यामुळं दुसऱ्या कोणाला त्रास झाला का पण?" लाडकुंवर म्हणाली, "नाही." साध्वीसमोर, पायाशी बसून! घरी आल्यावर तिनं चूळ भरली, पुन्हा पुन्हा भरली.

आणि संवत्सरी. पर्युषणाचा तो शेवटचा दिवस, त्या दिवशी जैनाघरचा लहानथोर एकमेकांना हात जोडून क्षमा मागतो. जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा करा. सासू सुनेला म्हणते, मालक गड्याला म्हणतो, आणि कोणी कोणाला विचारत नाही की बाबा रे, नेमकं काय केलंस? लाडकुंवर दरवर्षी पुष्पाबाईपुढं हात जोडी. वर्षभर मनाशी जुळवलेलं सगळं त्या दोन हातांत आणी, आणि तोंडातून मात्र तेवढंच ठरलेलं वाक्य निघे. पुष्पाबाई "बरं, बरं, सेठाणीबाई," म्हणे. अडतीस गेलं, एकोणचाळीस, चाळीस गेलं. भुसावळच्या मुलीचं कधीच लग्न होऊन तिला दोन लेकरं झाली होती. झुंबरबाई वारल्या. जिची भीती होती तीच राहिली नाही, तरी जीभ सुटेना. आता भीती निराळीच होती. एवढी वर्षं का गप्प होतीस, असं कोणी विचारलं तर?

एकेचाळीसच्या दिवाळीनंतर मात्र तिनं कागद घेतला आणि कौतिकला स्वतःहून लिहिलं. 'माझे डोळे उघडे होते. कडी मीच लावू दिली नाही. मी चारचौघांत सांगते. तू निघ.' घरात कोणाला न सांगता पत्र टाकलं. महिनाभरात जपानी फौजा तिकडं उतरल्या. पेपरात रोज एकेका बंदराचं नाव येऊ लागलं, आणि गावाला ती नावं धड म्हणता यायला लागली. पुढच्या चैत्रात पत्र परत आलं. पाकिटावर तांबडा शिक्का. टपाल बंद. ते तिनं किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर कमरेला खोचलं.

बेचाळीसच्या संवत्सरीला स्थानक खचाखच भरलं होतं. सकाळचं व्याख्यान संपलं, क्षमेचं वाक्य म्हणायला सगळे हात जोडून उठले, आणि बायकांच्या बाजूनं लाडकुंवरचा आवाज आला.

"मला एक सांगायचंय. कौतिकनं चोरी केली नाही. चोर मी पाहिला. बोटीवर यांच्याशी बोलत बसायचा तो माणूस. मी सामायिकात होते, माझे डोळे उघडे होते, मी ओरडले नाही. कडी माझ्याच सांगण्यावरून उघडी होती. मी खोटं बोलले. तो निर्दोष आहे."

 लाडकुंवर पुरुषांच्या बाजूला बघत होती. घेवरचंदचा चेहरा पांढराफटक पडला. ती घडी संपल्याशिवाय उठत नाही हे त्या माणसाला कोणी सांगितलं होतं, ते त्याला आठवलं. तिला स्पष्ट दिसलं, आठवलं त्याला! ती थांबली. आता हा बोलेल, आता तरी.

सेठनं घसा खाकरला. हात जोडले. "आमच्या घरच्यांचं मन आधीपासूनच फार कोवळं," तो म्हणाला. त्याचा आवाजही कापला, आणि तो कापला म्हणून सगळ्यांना आणखीच खरा वाटला. "त्या गड्याच्या बायकोचं दुःख त्यांना बघवत नाही. म्हणून त्याचं पाप स्वतःवर घेताहेत. आजच्या दिवशी यापेक्षा मोठी क्षमा कोणती?"

"धन्य! धन्य!" सगळं स्थानक गरजलं. बायका पुढं झाल्या, कोणी तिच्या पायाला हात लावला, कोणी डोळे टिपले. "नाही हो, खरंच सांगतेय मी," ती ओरडत होती. "ऐका तरी!" जितकी ओरडत होती तितका तिचा मोठेपणा वाढत होता. सहा वर्षं पोटात दाबून ठेवलेलं खरं बाहेर काढलं, आणि गावानं त्याचा हार करून तिच्याच गळ्यात घातला.  ती गर्दीतून वाट काढत तशीच बाहेर पडली.

पुष्पाबाईचं घर गावाच्या टोकाला. एक खोली, पुढं चूल. ती सुपात दादर पाखडत होती. भरदुपारी सेठाणी एकटी, उपाशी, पायी आलेली बघून ती उठली नाही. बातमी तिच्या आधी येऊन पोचली होती.

"बसा," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि घडीवर घडी पडून चिरत आलेला तो कागद पुढं केला. "तुम्ही म्हने व्हत्यात, खाले पत्ता शे. वाचा तो पत्ता."

लाडकुंवरनं वाचला. या खेपेला सगळा वाचला. 'चोर म्हणून येणार नाही' वाचला, 'सेठाणीबाईंना विचार' वाचलं. 'मिळेल त्या बोटीनं निघतो' वाचलं, आणि तशीच शेवटापर्यंत वाचत गेली. पुष्पाबाई सूप मांडीवर घेऊन ऐकत होती.

"'तू भांडू नको' असं लिखेल शे?"

"हो."

"त्यानीच लिखेल शे?"

"हो, पुष्पा."

"मंग नही भांडसू मी," पुष्पाबाई म्हणाली. बराच वेळ तिनं सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवला. लाडकुंवरला वाटत होतं, हिनं मारावं, थुंकावं, केस धरून ओढावं. तिनं हात जोडले, पण ते संवत्सरीचं वाक्य आज तिच्या तोंडातून निघेना.

"आज सांगं ना तुम्ही? चार लोकसमा?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं."

पुष्पाबाईचा चेहरा बदलला. सहा वर्षांत लाडकुंवरनं तो असा बघितला नव्हता. ती लगबगीनं उठली, फळीवरून एक कोरा कागद आणि बोटभर पेन्सिल काढली. किती दिवसांची जपून ठेवली होती कोण जाणे. "मंग त्याले कळाडा. तो वाट दखी राहिना हुई. तुमले लिखता येस. लिखा, बाईनी सांगं म्हनीसन. ये आते, म्हना."

कमरेला खोचलेलं परत आलेलं पाकीट लाडकुंवरला टोचत होतं. तिनं पेन्सिल घेतली आणि लिहिलं. पुष्पाबाई सांगत गेली, ती लिहीत गेली. काड्या रचून ठेवल्यात. वांगी वाफ्यावर लागलीत. बाईनं सांगितलं. ये. खाली पत्ता घातला, तो तिला पाठ होता.

पुष्पाबाईनं कागद घेतला, उलटासुलटा करून बघितला, डोक्याला लावला. पदर सारखा केला, दार ओढून घेतलं आणि पोस्टाच्या वाटेनं भराभरा चालू लागली. तिला हाक मारायला हवी होती. टपाल बंद आहे, तिकडं काही जात नाही, तिकडं कोण उरलंय तेही कोणाला ठाऊक नाही, एवढं सांगायला हवं होतं. लाडकुंवर ओसरीवर उभी राहून तिच्या पाठीकडं बघत राहिली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी हिच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि या खेपेला कुठलंही व्रत नव्हतं.